कोल्ह्यासाठी कोणती रायफल, कोणती गोळी? ब्रिटनच्या शेतांवर हा निर्णय कसा होतो

मार्च-एप्रिल हा ब्रिटनमध्ये मेंढ्या विण्याचा हंगाम. नुकतं जन्मलेलं कोकरू अडखळत उभं राहत असतं आणि कुंपणाच्या कडेला कोल्हा टपून बसलेला असतो. लॅपविंग, कर्ल्यू यांसारखे जमिनीवर घरटं करणारे पक्षीही याच दिवसांत अंडी घालतात. कोंबड्यांना विजेचं कुंपण घालता येतं, पण डोंगरउतारावर पसरलेल्या कळपाला ते घालणं अवघड.

विष घालणं तिथे बेकायदा आहे. कुत्र्यांचा ताफा सोडून शिकार करण्यावर इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या हंटिंग ॲक्टने बंदी आली. त्यामुळे शेतकऱ्याच्या हातात मुख्यतः रायफल उरते. कोल्हा बाहेर पडतो रात्री, म्हणून गोळीही झाडावी लागते रात्रीच.

मग प्रश्न येतो, कोणती रायफल? सगळ्यात ताकदवान घेतली की झालं, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. जनावर जागच्या जागी मेलं पाहिजे आणि गोळी शेताबाहेर जाता कामा नये.

आधी, हा कोल्हा कोणता?

मराठीत ‘कोल्हा’ म्हटलं की दोन वेगळे प्राणी डोळ्यांसमोर येतात. रानात कोल्हेकुई करतो तो इंग्रजीतला जॅकल. फॉक्स म्हणजे आपल्याकडचं खोकड. ब्रिटनमधला लाल कोल्हा हा या खोकडाचा मोठा भाऊबंद. त्याचं वजन साधारण ५ ते ७ किलो असतं. केसाळ अंगामुळे तो मोठा दिसतो, पण हृदय आणि फुप्फुसांचा भाग असतो जेमतेम १० सेंटीमीटरच्या वर्तुळाएवढा. नेम तिथेच बसायला हवा. गोळी पोटात किंवा पायाला लागली तर कोल्हा पळून जातो आणि कित्येक तास, कधी कित्येक दिवस, तडफडतो.

कॅलिबर म्हणजे काय?

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने गोळीची किंवा नळीच्या आतली जाडी. .२२ म्हणजे इंचाच्या शंभर भागांपैकी बावीस भाग, साधारण साडेपाच मिलिमीटर. पण फक्त जाडीवरून ताकद कळत नाही. .२२ एलआर आणि .२२३ रेमिंग्टन यांच्या गोळ्या जवळपास सारख्याच जाडीच्या असतात, तरी दुसरीची ऊर्जा पहिलीच्या दहापट आणि त्याहून जास्त असते. फरक पडतो काडतुसातल्या दारूमुळे.

काडतुसं दोन प्रकारची असतात. रिमफायरमध्ये पेट घेणारं रसायन बुडाच्या कडेत भरलेलं असतं. त्यासाठी पितळ पातळ ठेवावं लागतं, म्हणून त्यात जास्त दाब चालत नाही. सेंटरफायरमध्ये बुडाच्या मधोमध वेगळी टोपी असते. पितळ जाड असतं, दाब जास्त सहन होतो आणि गोळी वेगाने सुटते.

शेतावर दिसणारी कॅलिबर

• .२२ एलआर: सशांसाठीची रायफल. आवाजाच्या वेगापेक्षा हळू जाणारी २.६ ग्रॅमची गोळी, ऊर्जा सुमारे १३० ज्यूल. कोल्ह्यासाठी ती अपुरीच मानली जाते. अनुभवी माणूस फार जवळून वापरतो, तेवढंच. शिवाय मऊ शिशाची ही संथ गोळी दगडावरून किंवा कडक जमिनीवरून उसळून भलतीकडे जाते.

• .१७ एचएमआर: २००२ मध्ये आलेलं रिमफायर काडतूस. जेमतेम १.१ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला सुमारे ७७५ मीटर. अचूक आहे, पण वाऱ्यापुढे टिकत नाही. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा १०० मीटरवर तिला जवळपास १० सेंटीमीटर सरकवतो. म्हणजे छातीचा नेम पोटावर जाऊ शकतो.

• .२२ हॉर्नेट: छोटं सेंटरफायर काडतूस. आवाज तुलनेने कमी, १५० मीटरपर्यंत पुरेसं. वस्तीजवळच्या शेतांवर उपयोगी.

• .२२३ रेमिंग्टन: कोल्ह्यासाठी सर्वाधिक पसंतीच्या कॅलिबरांपैकी एक. ३.६ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला सुमारे ९९० मीटर, ऊर्जा १,७०० ज्यूलच्या पुढे. भारतीय लष्कराच्या इन्सास रायफलचं ५.५६ मिलिमीटरचं काडतूस याच कुळातलं. मात्र लष्करी आणि शिकारी काडतुसं सरसकट अदलाबदल करून वापरायची नसतात.

• .२२-२५०: जवळपास तशीच गोळी, पण वेग सेकंदाला १,१०० मीटरच्या वर. लांबच्या मोकळ्या माळांसाठी चांगलं. दारू जास्त लागते, नळी लवकर झिजते आणि आवाज मोठा होतो.

• .२४३ विंचेस्टर: हरणांसाठीही चालणारं. इंग्लंड-वेल्समध्ये मोठ्या हरणांसाठी किमान .२४० इंचाचं कॅलिबर लागतं, ही अट .२४३ पूर्ण करतं. एकच रायफल ठेवायची असेल तर अनेक जण ही घेतात. केवळ कोल्ह्यासाठी मात्र ती गरजेपेक्षा जास्त आहे.

.२२३ कडे कल का?

रात्री अंतराचा अंदाज हमखास चुकतो. १२० मीटर वाटणारा कोल्हा १८० मीटरवरही असू शकतो. अशा वेळी गोळीचा मार्ग जितका सरळ, तितकी चूक कमी. .२२३ चा नेम १०० मीटरवर अडीच सेंटीमीटर वर बसवून ठेवला, तर साधारण २०० मीटरपर्यंत गोळी नेमाच्या पाच सेंटीमीटर वर किंवा खाली, एवढ्यातच राहते. म्हणजे छातीच्या त्या १० सेंटीमीटरच्या वर्तुळात. .२२ एलआरचा नेम ५० मीटरला बसवला असेल, तर १०० मीटरवर तिची संथ गोळी बरीच खाली जाते.

त्यात .२२३ चा धक्का सौम्य असतो. गोळी सुटल्यावरही दुर्बिणीतून कोल्हा दिसत राहतो आणि ती कुठे लागली ते कळतं.

गोळी कशी हवी?

कोल्ह्यासाठी आदळताच फुलणारी किंवा फुटणारी गोळी वापरतात. टोकाला प्लॅस्टिकची बारीक चोच आणि पातळ आवरण असलेल्या हलक्या गोळ्या यासाठीच बनवल्या जातात. त्या आपली ऊर्जा जनावराच्या शरीरात सोडतात, त्यामुळे मरण लगेच येतं. नेम चुकून गोळी जमिनीत गेली तरी ती बहुधा तुकडे होऊन तिथेच थांबते. पूर्ण आवरणाची लष्करी धाटणीची गोळी मात्र छोटं भोक पाडून आरपार जाते. कोल्हा जखमी होऊन पळतो आणि गोळी पुढे जात राहते.

या फुलणाऱ्या गोळ्यांचं एक प्रसिद्ध नाव भारतातूनच गेलं आहे. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात ब्रिटिशांनी अशा गोळ्या बनवल्या, म्हणून ‘दमदम गोळी’. १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात त्या वापरण्यावर बंदीचा जाहीरनामा झाला. शिकारीत मात्र जनावराचे हाल टाळण्यासाठी हाच प्रकार योग्य ठरतो. ब्रिटनमध्ये २०१७ पर्यंत ही काडतुसं प्रतिबंधित वर्गात होती आणि परवान्यावर त्यांची खास नोंद लागायची. त्या वर्षी नियम सोपा झाला.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने ६.१७ मिलिमीटर आणि त्याहून मोठ्या शिशाच्या गोळ्यांवर निर्बंध आणण्याचं जाहीर केलं. .२४३ ची गोळी नेमकी या मापावर येते, .२२३ ची त्याखाली राहते. त्यामुळे .२४३ घेणाऱ्याला तांब्याच्या गोळ्यांचाही विचार करावा लागतो.

अंधारात खरा धोका

पूर्वी जोरदार दिवा फिरवून कोल्हा शोधत. डोळ्यांमागच्या परावर्तक पडद्यामुळे त्याचे डोळे चमकतात. पण मेंढी, कुत्रा, मांजर यांचेही चमकतात. म्हणून नुसत्या डोळ्यांवर कधीच गोळी झाडायची नाही, हा पहिला नियम. एकदा दिव्यासमोर नेम चुकला तर वाचलेला कोल्हा पुढे दिवा दिसताच पळ काढतो.

आता थर्मल आणि नाइट व्हिजन दुर्बिणी आल्या आहेत. थर्मलमध्ये उष्णता दिसते, त्यामुळे जनावर लांबूनही सापडतं. पण ते कोणतं आहे हे ठरवायला तेवढं पुरत नाही. बॅजर हा तिथला संरक्षित प्राणी. दूरवरचा उष्ण ठिपका बॅजर आहे की कोल्हा, की शेजाऱ्याचा कुत्रा, हे नक्की झाल्याशिवाय चापावर बोट जात नाही.

दुसरा नियम मागच्या आडोशाचा. कोल्ह्याच्या मागे मातीचा उतार हवा. झुडपांचं कुंपण गोळी अडवत नाही. टेकडीच्या माथ्यावर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभ्या असलेल्या कोल्ह्यावर गोळी झाडत नाहीत, कारण .२२ एलआरची छोटी गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. सेंटरफायरची तर त्याहून कितीतरी लांब.

परवाना

१९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टखाली पोलीस परवाना देतात. त्यावर प्रत्येक रायफलचं कॅलिबर लिहिलेलं असतं आणि ती कशासाठी हवी याचं योग्य कारण द्यावं लागतं. सुरुवातीला अनेकदा अशी अट असते की त्या कॅलिबरसाठी पोलिसांनी योग्य ठरवलेल्या जमिनीवरच रायफल वापरायची. याशिवाय जमीनमालकाची परवानगी लागतेच.

निवडीचा क्रम

१. आधी जमीन पाहायची: उतार, रस्ते, घरं, पायवाटा.
२. गोळी प्रत्यक्षात किती अंतरावर झाडावी लागेल ते ठरवायचं.
३. तेवढ्या अंतराला पुरेल असं कॅलिबर घ्यायचं. बहुतेक शेतांवर उत्तर .२२३ च्या आसपास येतं.
४. दोन-तीन प्रकारची काडतुसं कागदी निशाणावर तपासायची. तीच रायफल एका गोळीला अचूक आणि दुसरीला बेभरवशाची असू शकते.
५. काडतूस बदललं की नेम पुन्हा बसवायचा.

आणि भारतात?

ही सगळी माहिती ब्रिटनपुरती. भारतात खोकड आणि जॅकल, दोघांनाही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं संरक्षण आहे. त्यांची शिकार हा गुन्हा आहे. कोंबड्या किंवा करडं जात असतील तर खुराडं आणि गोठा रात्री पक्का बंद ठेवावा आणि वन विभागाला कळवावं.