बारी: शिरूरच्या घाटात आणि दौंडच्या थिएटरात

आजकाल कुठल्याही मोठ्या कार्यक्रमात ‘स्लॉट बुक करा’ असं सांगतात. हा प्रकार मोबाइलबरोबर आला असं आपल्याला वाटतं. पण वेळेचा तुकडा पाडायचा, तो कुणाच्या तरी नावावर लावायचा आणि त्याची नोंद ठेवायची, हे आपल्या यात्रांमध्ये आधीपासून चालत आलंय. त्यासाठी मराठीत शब्दही आहे: बारी. संशोधनाचा विषय शोधणाऱ्यांना मी नेहमी म्हणतो, आधी सिद्धांत शोधू नका, लोकांच्या तोंडचा एखादा चिवट शब्द धरा आणि तो कुठे कुठे नेतो ते बघा.

हा शब्द पुणे जिल्ह्यातल्या शेजारच्या दोन तालुक्यांत दोन वेगळ्या ठिकाणी भेटतो. शिरूरमध्ये बैलगाड्याच्या घाटात, आणि दौंडमध्ये चौफुल्याच्या कला केंद्रात. अर्थ दोन्हीकडे ‘पाळी’च. पण पाळी कुणाची, ती कोण ठरवतं आणि चुकली तर कुणाचं काय जातं, हे फार वेगळं आहे.

आधी घाट. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ आणि शिरूरचा पश्चिम भाग, एवढ्या पट्ट्यात शर्यत चढाच्या धावपट्टीवर होते, म्हणून तिला घाट म्हणतात. चार बैल जुंपतात, पुढे घोडी धरतात, गाड्यात हाकणारा बसत नाही. आणि मुख्य म्हणजे एका वेळी एकच गाडा पळतो. सातारा-सांगलीकडच्या मैदानी शर्यतीत तसं नसतं. तिथे अनेक छकडे एकदम सुटतात, कोण पुढे ते डोळ्यांना दिसतं. घाटात प्रतिस्पर्धी शेजारी नसतोच, तो सकाळी पळून गेलेला असतो किंवा उद्या पळणार असतो. मग तुलना करायची कशी? सेकंदांनी. निशाण पडलं की घड्याळ सुरू, आणि स्पीकरवरून आकडा पुकारला जातो. दिवसातला सगळ्यात कमी वेळ ज्याचा, तो घाटाचा राजा.

माझा मुद्दा इथे आहे. गाडा एकटा पळतो म्हणून घड्याळ लागतं, आणि एकटा पळतो म्हणूनच बारी वाटून द्यावी लागते. घड्याळ आणि क्रमवारी ही जोडी शर्यतीच्या रचनेतून आली. वेळेच्या इतिहासावर काम करणारे सगळे ई. पी. थॉमसन यांच्या १९६७ च्या निबंधापासून सुरुवात करतात. कारखान्यांनी मजुरांना घड्याळाची शिस्त कशी लावली, हे त्यात आहे. तो वाचाच. पण तो चष्मा घाटावर जसाच्या तसा लावला तर फसाल. इथे घड्याळ मालकाने लादलेलं नाही, हरलेल्याने भांडू नये म्हणून ते लागतं.

आता एक साधं गणित करू. गाडा पळतो बारा-तेरा सेकंद. पण बैल आणायचे, जुंपायचे, रेषेवर शांत उभे करायचे, पळून झाल्यावर पट्टी मोकळी करायची. एका बारीला सगळं मिळून तीन मिनिटं धरली, तर दहा तासांच्या उजेडात २०० गाडे होतात. चार मिनिटं धरली तर १५०. म्हणजे यात्रा कमिटीकडे विकायला किंवा वाटायला जी वस्तू आहे ती मोजकीच आहे: दिवसाचा उजेड. म्हणून शर्यतीआधी एखाद्या दिवशी टोकन ठेवतात. गाडामालक जमतात, नाव नोंदवतात, चिठ्ठ्या निघतात, क्रमांक ठरतो. हल्ली काही ठिकाणी टोकन ऑनलाइनही घेता येतं.

चिठ्ठीच का? कारण सगळ्या बाऱ्या सारख्या नसतात. चैत्रातली सकाळची बारी आणि दुपारी दोनची बारी यांत बैलाच्या अंगावर किती फरक पडतो, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. शेवटच्या गाड्यांना उजेड कमी. आधी येईल त्याला आधी म्हटलं तर रात्रीपासून रांग, ओळखीने दिली तर भांडण. चिठ्ठीत नशीब असतं, आणि नशिबावर भावकीत वैर धरता येत नाही. तरी सगळंच नशिबावर सोडलेलं नसतं. देवाचा, गावचा मान म्हणून एखादा गाडा चिठ्ठीबाहेर ठेवला जातो. मान आणि चिठ्ठी एकाच वहीत कसे नांदतात, यावर कुणीतरी नीट काम करायला हवंय.

त्यात कायदा आला. ११ जुलै २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेने बैलाला खेळात वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत घातलं. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूसोबत बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, त्यालाही उच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. प्राण्यांच्या हालाचा प्रश्न खरा होता. नव्या नियमांत धावपट्टीच्या लांबीला मर्यादा आहे आणि बैलांच्या विश्रांतीच्या अटी आहेत, हे त्या भांडणातूनच आलं. बारीच्या वेळापत्रकात आता माणसांच्या मानाबरोबर बैलाचा दमही धरावा लागतो.

संशोधकासाठी यात एक सापळा आहे. बंदीच्या काळातले सरकारी कागद प्रामुख्याने गुन्ह्यांचे आणि कोर्टाचे मिळणार. परवानगीच्या काळात जिल्हाधिकाऱ्यांकडचे अर्ज, अटी, पशुवैद्यकीय तपासण्या मिळणार. आणि त्याआधीचं? ते कमिटीच्या वहीत, छापील जाहिरातीत, नाहीतर कुणाच्या तरी डोक्यात. तीन काळांचे तीन वेगळे कागद. ते एकाच आलेखावर मांडले तर शर्यतींचा नव्हे, कागदांचा इतिहास लिहून होईल.

यात्रेत दुसरा बुक होणारा वेळ म्हणजे तमाशाची रात्र. शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई हे या कलेतलं जाणतं गाव. फडांसाठी लिहिणारे बी. के. मोमीन कवठेकर इथलेच. यात्रा तिथीवर ठरते, आणि चैत्रातल्या एकाच तिथीला कितीतरी गावांची यात्रा असते. त्यामुळे पाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांवर कमिट्यांची गर्दी होते आणि पौर्णिमेच्या रात्रीची सुपारी महाग जाते. पूर्वी एका सुपारीत रात्रीचा खेळ आणि सकाळची हजेरी, असे दोन तुकडे यायचे. पुढे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ही सीमा आली. गण, गवळण, बतावणी, मग वग, हा क्रम असल्यामुळे वेळ कापला की वार वगावर बसतो. शेवटची बारी त्याची ना!

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे भीमा ओलांडून दक्षिणेला उतरलं की पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुला लागतो. तालुका दौंड. इथली कला केंद्रं संगीत बारीची. फडाचा तमाशा गावोगाव फिरतो, संगीत बारी एका जागी राहते आणि प्रेक्षक तिच्याकडे येतात. एका थिएटरात अनेक पार्ट्या असतात. रोजच्या खेळात प्रत्येक पार्टी आपली बारी सादर करते. आवडलेल्या पार्टीची प्रेक्षक वेगळी बैठक ठरवतो, ठरलेल्या वेळेसाठी ठरलेल्या पैशात. म्हणजे मंचावरची छोटी बारी ही एका अर्थाने नमुना, आणि कमाई बैठकीच्या बुकिंगवर. घाटात बारी हुकली तर इभ्रत जाते, पुढच्या यात्रेत ती परत मिळवता येते. इथे बारी हुकली तर त्या दिवसाची रोजी जाते, पेटी-तबलावाल्यांची सुद्धा. बारीचा क्रम कोणता, कुणाला किती मिनिटं, हे प्रश्न म्हणून इथे मजुरीचे प्रश्न आहेत. लावणीवरचं बरंच लेखन शृंगार आणि अदाकारीवर थांबतं. वेळापत्रकाकडे फार कमी जणांनी बघितलंय.

दोन्हीकडच्या याद्या शेजारी ठेवल्या की आणखी एक गोष्ट दिसते. घाटाच्या टोकनावर देवाचं नाव, ‘प्रसन्न’, आणि खाली मालकांची नावं असतात, जुगलबंदी असेल तर दोन-तीन घरांची. बहुतेक सगळी पुरुषांची. चौफुल्याच्या पाट्यांवर पार्टीला बाईचं नाव असतं, पुढे तिच्या गावाचं. टोकनाचा कागद शर्यत संपली की धुळीत पडतो. पाटी पार्टी बदलली की पुसली जाते. यातलं काहीही कुठल्या दफ्तरखान्यात जात नाही, त्यामुळे यंदाच्या चैत्रात जाणार असाल तर मोबाइलने फोटो तरी काढून ठेवा, मागे तारीख आणि गाव लिहून. पार्टीच्या पाटीचा फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका.