दत्तूचे आईवडील

मराठी ख्रिस्ती घरांपैकी ज्या घराबद्दल सगळ्यांत जास्त लिहिलं गेलं ते बहुधा टिळकांचं. आणि त्यातलं बरंचसं घरातल्याच माणसांनी लिहिलंय. नारायण वामन टिळक आपल्याला शाळेत भेटतात ते जखमी पक्षिणीच्या कवितेतून. लक्ष्मीबाई भेटतात ‘स्मृतिचित्रे’च्या एखाद्या धड्यातून. त्यांचा मुलगा दत्तू, म्हणजे पुढचे देवदत्त नारायण टिळक, मात्र कुठल्याच धड्यात भेटत नाही. मला उत्सुकता आहे ती त्याच्याबद्दल. पोरांवर धर्माचे संस्कार कसे करावेत यावर सगळ्याच धर्मांत भरपूर उपदेश सापडतो. पण अशा घरात वाढताना मुलाला नेमकं काय दिसत असतं?

दत्तूला आधी दिसली ती फाटाफूट. 10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगलं. लक्ष्मीबाई होत्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या. 1857 च्या बंडानंतर इंग्रजांनी त्यांच्या वडिलांच्या सासऱ्यांना फाशी दिली. त्या धक्क्यातून वडिलांना सोवळ्याचं असं वेड लागलं, की बाजारातून आलेल्या वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसत. अशा घरच्या मुलीचा नवरा ख्रिस्ती झाला! पुढची साधारण पाच वर्षं त्या दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. बाप जिवंत होता, पत्रं येत होती, आणि घरात त्याचं नाव निघालं की रडारड. मुलाला देवाची पहिली ओळख अशीही होऊ शकते.

पुढे त्या नगरला टिळकांकडे आल्या, पण ख्रिस्ती व्हायला म्हणून आल्या नाहीत. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. एका छपराखाली दोन धर्म नांदत होते. टिळक तेव्हा अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत होते. त्यांच्या बायकोचं सोवळं हा मिशनमध्ये चर्चेचा विषय झाला नसेल असं मला वाटत नाही. तरी बाप्तिस्म्याची जबरदस्ती त्यांनी केली नाही. (एरवी ते भयंकर तापट होते. हे लक्ष्मीबाईंनीच लिहून ठेवलंय.) माणसं देवाने केली, जाती कुणी केल्या, हा प्रश्न बाईंनी स्वतःशीच सोडवला. आपण आता कुणाच्याही हातचं खाणार हेही त्यांनी स्वतःच ठरवलं. बाप्तिस्मा झाला 1900 मध्ये.

मला हा सगळा वेळ महत्त्वाचा वाटतो. मोठ्या माणसाला श्रद्धा बदलायला पाच वर्षं लागतात, ती भांडून, विचार करून बदलते आणि तोवर समोरच्याने थांबायचं असतं, हे दत्तूने जेवणाच्या पंगतीत पाहिलं. रविवारच्या शाळेत हे शिकवता येत नाही.

पण बापाच्या भक्तीची किंमत घरच्यांनी मोजली हेही तितकंच खरं. सामान आणायला पैसे देऊन पाठवावं तर टिळक दौत घेऊन परत येणार. पगार हातात पडला की कुणाची तरी नड आधी भागणार. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरीच सोडली, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांनी तिथे एकत्र यावं अशी कल्पना होती. कल्पना मोठी होती, मला आवडतेही. पण महिन्याच्या शेवटी वाण्याला तोंड कोण देणार? सगळं देऊन टाकणाऱ्या माणसाचं चरित्र वाचायला छान असतं, त्याच्या घरात राहायला दम लागतो.

हे बोलायची मुभा आपल्याला लक्ष्मीबाईंनीच दिलीय. नवऱ्यावर त्यांचं अफाट प्रेम होतं, तरी त्यांनी त्याचा संत केला नाही. त्याचा विसरभोळेपणा, त्याचा संताप, त्याच्या फजित्या, सगळं त्या हसत सांगतात. माझ्या मते या घराची श्रद्धा पुढच्या पिढीपर्यंत टिकली ती याच मोकळेपणामुळे. चुका झाकलेल्या बापाशी मुलगा एक तर खोटं वागतो, नाहीतर एक दिवस त्याच्यापासून पळतो. इथे झाकायला काही ठेवलंच नव्हतं.

आणि हे आईवडील फक्त पोटच्या मुलांपुरते नव्हते. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ठरलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे नगरला त्यांच्या घरी मुलासारखा राहिला. तो हिंदूच राहिला. मे 1918 मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली तो गेला आणि वर्षभराने, 9 मे 1919 ला, टिळकही गेले.

टिळकांनी मागे ठेवलं ते बहुतेक अर्धवट. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य त्यांनी सुरू केलं होतं. दहा-अकरा अध्याय झाले आणि ते वारले. आमच्या धंद्यात कुणी अर्धा कोड सोडून गेलं की नवा माणूस पहिल्याच दिवशी म्हणतो, पुसून टाका, पुन्हा लिहू. लक्ष्मीबाईंनी पुसलं नाही. ज्या बाईला नवऱ्याने लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकवलं, तिने त्याच्या काव्याला 64 अध्याय जोडले. म्हणजे नवऱ्याच्या पुस्तकाचा बहुतेक भाग बायकोचा आहे!

देवदत्तांनी काय केलं? बापाच्या आठवणी जमवताना त्यांनी आईला लिहायला लावलं. त्यातून ‘स्मृतिचित्रे’ झालं, ‘संजीवनी’ साप्ताहिकातून क्रमशः आलं, आणि 1934 पासून भागाभागाने पुस्तकरूपात. शुद्धलेखन हा बाईंचा प्रांत नव्हता, बोलणं होता. मुलाने ते बोलणं तसंच राहू दिलं. तेव्हाच्या सुशिक्षित मराठीत ते ‘सुधारून’ टाकणं किती सोपं होतं! 24 फेब्रुवारी 1936 ला लक्ष्मीबाई गेल्या तेव्हा त्यांच्या आठवणी पुऱ्या झाल्या नव्हत्या. ‘ख्रिस्तायन’ छापून आलं 1938 मध्ये, तेव्हा दोघांपैकी कुणीच नव्हतं.

देवदत्त पुढे लिहीत राहिले. पंडिता रमाबाईंवरचं त्यांचं पुस्तक 1960 चं आहे. 1965 मध्ये ते गेले. मग 1989 मध्ये ‘स्मृतिचित्रे’ची नवी, टिपांसह संपादित आवृत्ती निघाली. ती तयार केली अशोक देवदत्त टिळकांनी, दत्तूच्या मुलाने. तुम्ही पुस्तक अजून वाचलं नसेल तर तीच शोधा, आणि आधी दौतीचा प्रसंग काढा.