योकोहामा एफसीचा १९९९ चा साखळी हंगाम

योकोहामा एफसी : जपानमधील योकोहामा शहराचा व्यावसायिक फुटबॉल संघ. एखाद्या उद्योगसमूहाऐवजी पाठीराख्यांनी जमविलेल्या निधीतून उभा राहिल्यामुळे जपानी फुटबॉलच्या इतिहासात त्याला वेगळे स्थान आहे. तृतीय श्रेणीच्या जपान फुटबॉल लीगमधील १९९९ चा हंगाम हा त्याचा पहिला हंगाम होय.

या संघाचा उगम एका विलीनीकरणात आहे. योकोहामा फ्लूगेल्स हा जे. लीगचा संस्थापक सदस्य असलेला संघ एक विमानवाहतूक कंपनी व एक बांधकाम कंपनी यांच्या आश्रयाखाली होता. आर्थिक मंदीच्या काळात बांधकाम कंपनीने अंग काढून घेतले, तेव्हा २९ ऑक्टोबर १९९८ रोजी फ्लूगेल्सचे त्याच शहरातील मारिनोस या प्रतिस्पर्धी संघात विलीनीकरण करण्यात येत असल्याचे जाहीर झाले. खेळाडू व प्रेक्षक यांना याची पूर्वकल्पना नव्हती. यानंतर सम्राट चषक स्पर्धेत हा संघ एकामागून एक सामने जिंकत गेला. उपांत्यपूर्व फेरीत जुबिलो इवाता आणि उपांत्य फेरीत काशिमा अँटलर्स या तत्कालीन बलाढ्य संघांना त्याने हरविले. १ जानेवारी १९९९ रोजी तोक्योच्या राष्ट्रीय क्रीडांगणावर प्रारंभी मागे पडूनही त्याने शिमिझू एस-पल्सवर २–१ असा विजय मिळविला आणि त्याच सामन्याने त्याचे अस्तित्व संपले. मारिनोसच्या नावाआधी जोडलेले ‘एफ’ हे अक्षर तेवढे मागे उरले.

बहुसंख्य पाठीराख्यांनी हे अक्षर समाधानकारक मानले नाही. त्यांनी सह्यांची मोहीम चालविली, निधी जमविला आणि बार्सेलोनाच्या धर्तीवर वर्गणीदार सभासदांचा संघ स्थापण्याचे ठरविले. फ्लूगेल्सचे नाव व इतिहास यांवर नव्या संघाचा कायदेशीर हक्क नव्हता. म्हणून केवळ शहराचे नाव घेऊन तो उभा राहिला आणि बोधचिन्हासाठी फिनिक्स पक्षी निवडण्यात आला. मूळ संघातील नामवंत खेळाडू मात्र त्याच्याकडे आले नाहीत : गोलरक्षक नाराझाकी व मध्यरक्षक यामागुची हे नागोयाला, तर तरुण एंदो क्योतोला गेला. संघाची धुरा यासुहिको ओकुदेरा यांनी स्वीकारली. जर्मनीच्या बुंडेसलिगात खेळणारे ते पहिले जपानी खेळाडू होत. कोलोन येथील त्यांचे एके काळचे सहखेळाडू आणि १९९० च्या विश्वविजेत्या पश्चिम जर्मन संघातील पिएर लिटबार्स्की प्रशिक्षक झाले.

नव्या संघाला थेट जे. लीगमध्ये प्रवेश हवा होता. तो नाकारण्यात आला. नियमानुसार त्याला खालच्या स्तरावरील साखळीपासून आरंभ करावा लागला असता. तथापि विशेष बाब म्हणून जपान फुटबॉल लीगमध्ये त्याला सहयोगी सदस्यत्व देण्यात आले. जे. लीगचे दोन श्रेणींत विभाजन झाल्यावर त्यांच्याखालील स्तर म्हणून ही साखळी १९९९ मध्येच नव्याने सुरू झाली होती. नऊ संघ परस्परांशी प्रत्येकी तीनदा, म्हणजे एकूण चोवीस सामने खेळत. होंडा, डेन्सो, ओत्सुका औषधनिर्माण, सोनी सेंदाई हे त्यांतील संघ कंपन्यांचे होते, तर कोकुशिकान हा विद्यापीठाचा संघ होता. जपानी फुटबॉलची जडणघडण मुळात अशा कंपनी-संघांतून झाली. त्यांच्यात मालक नसलेला, प्रेक्षकांनी निर्माण केलेला संघ उतरला ही विसंगती लक्षणीय होती.

योकोहामा एफसीने या साखळीत पहिला क्रमांक पटकाविला. त्याचे प्रत्यक्ष फळ मात्र त्याला मिळाले नाही. सहयोगी सदस्याला वरच्या श्रेणीत जाण्याचा अधिकार नसल्याने तिसऱ्या क्रमांकावरील मितो हॉलीहॉकला २००० पासून जे-२ मध्ये स्थान मिळाले. विजेता खाली राहिला आणि तिसरा वर गेला, हे नियमाला धरून असले, तरी पाठीराख्यांना पचणे कठीण होते. पुढील हंगामात पूर्ण सदस्य म्हणून संघाने पुन्हा विजेतेपद मिळविले व २००१ मध्ये जे-२ मध्ये प्रवेश केला.

सभासदांच्या मालकीची मूळ कल्पना मात्र टिकली नाही. व्यवस्थापन व सभासद यांच्यात मतभेद वाढले आणि पुढे नियंत्रण एका व्यापारी कंपनीकडे गेले. पाठीराख्यांच्या संघाची ही परिणती खेदजनकच म्हटली पाहिजे. २००६ मध्ये जे-२ चे विजेतेपद मिळवून संघ सर्वोच्च श्रेणीत पोहोचला. १० मार्च २००७ रोजी मित्सुझावा क्रीडांगणावर त्याने एफ. मारिनोसला १–० असे हरविले. त्याच वर्षी ऑगस्टमधील परतीच्या सामन्यात मारिनोसने ८–१ अशी परतफेड केली आणि हंगामाअखेर शेवटच्या क्रमांकासह संघ पुन्हा दुसऱ्या श्रेणीत उतरला.