शालेयोत्तर शिक्षण महाविद्यालये, इंग्लंडमधील : निरीक्षण व उत्तरदायित्व

सक्तीच्या शालेय शिक्षणानंतरचे, परंतु विद्यापीठीय पदवीहून वेगळे असे व्यावसायिक, तांत्रिक व सामान्य शिक्षण देणाऱ्या संस्थांना इंग्लंडमध्ये ‘फर्दर एज्युकेशन कॉलेज’ म्हणतात. सोळा वर्षांवरील तरुण, उमेदवार कामगार व प्रौढ हा त्यांचा विद्यार्थिवर्ग होय. ही महाविद्यालये मुख्यतः सार्वजनिक पैशावर चालत असल्याने त्यांच्या कार्याचे मोजमाप कोणी व कशाच्या आधारे करावे, हा प्रश्न तेथील शिक्षणाच्या इतिहासात वारंवार उपस्थित झाला आहे.

त्याचे मूळ एकोणिसाव्या शतकात आढळते. लंडनमधील विज्ञान व कला विभागाने १८५९ मध्ये विज्ञानवर्गांसाठी ‘फलानुसार वेतन’ ही पद्धत सुरू केली. परीक्षेत जितके विद्यार्थी उत्तीर्ण होत, त्या प्रमाणात शिक्षकास रक्कम मिळे. त्यामुळे वर्गांचा प्रसार झाला. पण घोकंपट्टीसही उत्तेजन मिळाले. रॉबर्ट लो यांच्या १८६२ च्या सुधारित संहितेने हेच तत्त्व प्राथमिक शाळांना लावले. मुंबई इलाख्यातील अनुदाननियमांतही त्याचा अवलंब झाला होता; मात्र १८८२ च्या हंटर आयोगाने ते महाविद्यालयांना लावू नये, अशी शिफारस केली. इंग्लंडमध्ये शतकाच्या अखेरीस ही पद्धत मागे पडली.

पुढे १९०२ च्या अधिनियमाने तांत्रिक शिक्षण स्थानिक प्राधिकरणांकडे आले व १९४४ च्या अधिनियमाने शालेयोत्तर शिक्षणाची तरतूद हे त्यांचे कर्तव्य ठरले. या काळात राजनिरीक्षक महाविद्यालयांना भेटी देत; परंतु त्यांची भूमिका बव्हंशी सल्लागाराची असे. त्यांचे अहवाल १९८३ पासून प्रसिद्ध होऊ लागले.

१९९२ च्या अधिनियमान्वये १ एप्रिल १९९३ रोजी महाविद्यालये स्थानिक प्राधिकरणांपासून अलग होऊन स्वायत्त निगम बनली. अनुदान देणाऱ्या नव्या परिषदेने रकमेचा काही भाग विद्यार्थ्याच्या यशाशी जोडला, तर तिच्याच निरीक्षकांनी महाविद्यालयांना १ ते ५ अशा श्रेणी दिल्या. फलानुसार वेतनाचे तत्त्व अशा प्रकारे निराळ्या रूपात परतले. काही महाविद्यालयांनी अनुदानाची अवाजवी मागणी केल्याचेही लेखापरीक्षणात उघड झाले.

२००१ पासून निरीक्षण ‘ऑफस्टेड’ व प्रौढ शिक्षण निरीक्षणालय यांच्यात विभागले गेले. २००७ मध्ये दोन्ही एकत्र झाली. सर अँड्र्यू फॉस्टर यांच्या २००५ च्या अहवालाने देखरेख करणाऱ्या संस्थांच्या गर्दीवर बोट ठेवले. २०२२ च्या अधिनियमाने निरीक्षणात स्थानिक कौशल्यगरजांचा विचार आवश्यक केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने महाविद्यालयांची गणना पुन्हा सार्वजनिक क्षेत्रात केली. २०२५ मध्ये एकाच शब्दातील एकूण निर्णयाऐवजी अनेक बाबींची स्वतंत्र नोंद करणारे प्रगतिपत्रक आले.

महाविद्यालय राजकोषाला, परिसराला आणि विद्यार्थ्याला असे तिघांना उत्तरदायी असते. त्यांपैकी राजकोषाचा हिशेब आकड्यांत मांडणे सर्वांत सोपे. म्हणून तोच इतरांवर मात करीत आला. शाळेत अपयशी ठरून उशिरा परतलेल्या विद्यार्थ्याची प्रगती उत्तीर्णांच्या टक्केवारीत पुरती उतरत नाही. अशा विद्यार्थ्यास प्रवेश देणे महाविद्यालयास तोट्याचे ठरू नये, ही कोणत्याही निरीक्षणपद्धतीची खरी कसोटी होय.