केइचू पंडित आणि जुन्या पोथ्यांचें लेखन

जुन्या पोथीची नक्कल करतांना मूळचें लेखन जसेंच्या तसें ठेवावें, कीं चालू रीतीप्रमाणें सुधारून घ्यावें, हा प्रश्न संग्राहकांस नित्य पडतो. तीनशें वर्षांपूर्वीं ज्यानें याच प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार केला, अशा एका जपानी पंडिताचा परिचय येथें करून देण्याचें योजिलें आहे.

केइचू (इ. स. १६४०–१७०१) हा शिंगोन पंथाचा भिक्षु. त्याचें अध्ययन कोया पर्वतावरील मठांत झालें. या पंथाचे मंत्र व धारणी संस्कृतांत असून त्या सिद्धम् लिपींत लिहीत. त्यामुळें वर्णोच्चाराचें शास्त्र तेथें परंपरेनें चालत आलें होतें. जपानी वर्णमालेचा अ, क, स, त, न, ह, म, य, र, व हा क्रम पाहतांच संस्कृतज्ञास आपली मातृका ओळखूं येते. चवर्गाच्या जागीं 'स' आहे. ओष्ठ्यांच्या जागीं 'ह' कां, अशी शंका येईल. तर त्या वर्णाचा प्राचीन उच्चार 'प' होता.

'मान्योशू' हा आठव्या शतकांतील वीस खंडांचा, सुमारें साडेचार हजार कवितांचा संग्रह. त्या वेळीं स्वतंत्र जपानी अक्षरें नसल्यामुळें तो चिनी चिन्हांनीं, कोठें अर्थानें तर कोठें केवळ ध्वनीनें, लिहिलेला आहे. पुढें तो वाचणेंच दुर्घट झालें. मितोचा अधिपति तोकुगावा मित्सुकुनी यानें त्याच्या टीकेचें काम शिमोकोबे चोर्यू याजकडे सोंपविलें होतें. तो आजारी पडल्यावर तें केइचूनें केलें व १६९० त सुधारून पुरें केलें.

हें करतांना त्याच्या ध्यानांत आलें कीं, दहाव्या शतकाच्या मध्यापूर्वींच्या लेखांत 'इ' व 'वि', 'ए' व 'वे', 'ओ' व 'वो' यांचा भेद प्रत्येक शब्दांत कसोशीनें पाळलेला आहे. पुढें हे उच्चार एक झाले आणि लेखनांत घोटाळा माजला. तेइका (११६२–१२४१) या थोर कवीच्या नांवावर चालणारे नियम सर्वमान्य होते. केइचूनें १६९५ सालच्या 'वाजी शोरान्शो' ग्रंथांत शब्दागणिक जुन्या लेखांचे दाखले देऊन ते नियम खोडून काढिले. नांवापेक्षां लेख प्रमाण, हें त्याचें सूत्र. त्याच्या लेखनपद्धतीचा पुढें शाळांतूनही स्वीकार झाला. १९४६ त ती सरकारनें सोडून दिली.

आपल्याकडेही हेंच घडलें. एकनाथांनीं शके १५०६ त ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. राजवाड्यांनीं बीड येथें मिळालेल्या पोथीवरून १९०९ त तिचें जुनें रूप छापिलें. १९६२ च्या नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले. चालू व्यवहारास तें सोयीचें असेल. परंतु 'घर बांधलें' आणि 'वाडे बांधले' यांतील लिंगवचनाचा भेद त्या बिंदूंत होता. संस्कृत नपुंसकलिंगी मकाराची ती शेवटची खूण.

आमच्या मुदखेडाच्या नांदेड जिल्ह्यांतच माहूर हें महानुभावांचें क्षेत्र आहे. त्या पंथाच्या सांकेतिक लिपींतील पोथ्या देवनागरींत उतरतांना नक्कल करणारा सहज 'शुद्ध' करूं लागतो, आणि मूळ पोथीस कसर लागली म्हणजे ती खूण कायमची नाहींशी होते. म्हणून संग्राहकांस विनंति कीं, मूळ अक्षरशः उतरावें, सुधारणा समासांत लिहावी, व पोथीचा शक आणि लेखकाचें नांव प्रतीवर नोंदवावें. चुकीचें वाटणारें अक्षरच पुष्कळदां जुनें असतें.