तंगूस घेताना : कोणत्या माशाला कोणती दोरी, आणि तीच दोरी पतंगाला का नको

उज्जैन : गळाने मासे धरणाऱ्याचं सगळं लक्ष काट्यावर आणि आमिषावर असतं. दोरी मात्र दुकानदार देईल ती घेतली जाते. "वीसवाली द्या" एवढ्यावर व्यवहार आटोपतो. पण वीस म्हणजे नेमकं काय? वीस पौंड म्हणजे साधारण ९ किलो ताकद. ०.२० मि.मी. जाडी म्हणजे नायलॉनमध्ये जेमतेम ३ किलो. एकाच आकड्यात तिपटीचा फरक, आणि तो कळतो तेव्हा मासा दोरीसकट गेलेला असतो.

महाराष्ट्रात जिला तंगूस म्हणतात, ती ही नायलॉनची एकपदरी दोरी. माळव्यात हिंदी बोलणारा गळाला बंसी म्हणतो आणि दोरीला डोर. कोकणात गळाची गरी होते. नाव कोणतंही असो, माल तोच. आणि याच जातीच्या दोरीने जानेवारी २०२२ मध्ये, संक्रांतीच्या दिवसांत, उज्जैन शहरात दुचाकीवरून जाणाऱ्या एका तरुणीचा गळा कापून जीव घेतला. म्हणून दोरी निवडण्याचा विषय फक्त मासा लागण्यापुरता राहत नाही.

बाजारात मिळणाऱ्या तीन जाती

नायलॉन (तंगूस) : सगळ्यात स्वस्त आणि नवशिक्यासाठी सगळ्यात योग्य. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीने १९३८ मध्ये नायलॉन जाहीर केलं आणि पुढच्या काही वर्षांत रेशमाच्या, सुताच्या दोऱ्या मागे पडल्या. नायलॉन ताणलं जातं, त्यामुळे माशाचा झटका दोरी स्वतः थोडा पचवते. गाठ चांगली बसते. तोटे दोन. पाणी प्यायल्यावर ताकद साधारण दहा-पंधरा टक्क्यांनी कमी होते, आणि उन्हात पडून राहिली की दोरी ठिसूळ होते. रिळावर बरेच दिवस गुंडाळून ठेवली तर तिला वळ्या पडतात, त्या सहजी जात नाहीत.

विणलेली दोरी (ब्रेड) : बारीक पॉलिथिलीन धाग्यांची वीण. त्याच जाडीत नायलॉनच्या तीन-चार पट ताकद. ताणली जवळपास जात नाही, त्यामुळे माशाने नुसतं तोंड लावलं तरी हाताला कळतं. पाण्यापेक्षा हलकी असल्याने तरंगते. पण दगडावर घासली की लवकर तुटते, आणि हाताला गुंडाळली तर बोट कापते. भाव नायलॉनच्या कितीतरी पट.

फ्लुरोकार्बन : जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये बाजारात आणलेली दोरी. दिसायला नायलॉनसारखीच, पण जड असल्यामुळे बुडते, घासणं जास्त सोसते आणि पाण्यात कमी दिसते. कारण प्रकाश वाकवण्याचा तिचा अंक १.४२, पाण्याचा १.३३ आणि नायलॉनचा १.५ च्या पुढे. पाण्याच्या अंकाच्या जितकं जवळ, तितकं माशाला दिसणं कठीण. महाग असल्याने पूर्ण रीळ भरण्यापेक्षा काट्याजवळचा हात-दोन हात तुकडा म्हणून वापरली जाते.

माळव्यातल्या पाण्याला काय चालतं

पावसात माळव्याची काळी माती वाहून येते आणि नद्या-तलाव गढूळ होतात. अशा पाण्यात 'न दिसणाऱ्या' दोरीवर जादा पैसे घालण्यात अर्थ नाही. हिवाळ्यात पाणी निवळतं तेव्हा फरक पडतो, तोही बुजऱ्या माशांसाठी. तळाला दगड, झुडपं, बुडालेल्या बाभळी असतील तर विणलेल्या दोरीपेक्षा जरा जाड नायलॉन बरी.

जाडी निवडताना पुढचा अंदाज उपयोगी पडतो. आकडे नायलॉनचे आहेत, कंपनीनुसार थोडे इकडेतिकडे होतात.

- ०.२० मि.मी. (सुमारे ३ किलो) : तिलापिया आणि बाकीचे छोटे मासे, काठी आणि फ्लोट.
- ०.३० मि.मी. (सुमारे ६ ते ७ किलो) : दोन-तीन किलोपर्यंतचे रोहू, मृगल. बहुतेकांना एवढी पुरते.
- ०.४० मि.मी. (सुमारे १० ते ११ किलो) : कटला, वाम, किंवा झुडपं असलेलं पाणी.
- ०.५० मि.मी. (सुमारे १६ किलो) : हातगळ, मोठा कटला, पढिन. क्षिप्रा पुढे ज्या चंबळेला मिळते, त्या चंबळेवरच्या गांधीसागरसारख्या मोठ्या जलाशयात ही लागते.

यामागचा हिशोब सोपा आहे. जाडी दुप्पट झाली की दोरीचा काप चौपट होतो, म्हणून ताकदही जवळपास चौपट होते. उलट बाजूने, जाडी दुप्पट केली तर तेवढ्याच रिळावर चौथा हिस्साच दोरी मावते.

रीळ आणि काठी असेल तर रिळाचा ब्रेक दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर ठेवावा. म्हणजे ९ किलोच्या दोरीला सव्वादोन ते तीन किलो. मासा जोरात पळाला तर रीळ सुटतं, दोरी तुटत नाही. हातगळाला ब्रेक नसतो, म्हणून तिथे दोरी एक पायरी जाड घ्यावी आणि ती लाकडी फळीवर किंवा बाटलीवर गुंडाळावी, तळहातावर कधीच नाही.

घेताना दुकानात बघण्याच्या गोष्टी

१. वेष्टणावर मि.मी. आणि किलो (किंवा पौंड) दोन्ही छापलेले आहेत का बघा. पौंडाला ०.४५ ने गुणलं की किलो येतात. नुसता 'नंबर' लिहिलेला असेल तर जाडी विचारा.

२. खूप बारीक आणि खूप ताकदीची नायलॉन कुणी स्वस्तात देत असेल तर एक आकडा खोटा समजा.

३. दुकानाच्या दारात उन्हात टांगलेलं रीळ घेऊ नका, आतलं मागा.

४. हातभर दोरी दोन नखांमधून ओढून बघा. खरखर लागली तर ती तिथेच तुटणार.

५. गाठ आवळण्याआधी ओली करा, थुंकी लावली तरी चालते. कोरडी ओढली की घर्षणाने नायलॉन तापतं आणि गाठीपाशीच कमजोर होतं. नायलॉनला काट्याभोवती पाच-सहा वेढे पुरतात. विणलेली दोरी निसरडी असते, तिला जास्त वेढे लागतात.

६. हंगाम संपला की रिळावरची वरची पंधरा-वीस हात दोरी कापून टाका, सगळं रीळ बदलायची गरज नसते.

कधी आणि कुठे

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांच्या प्रजननाचा बंद काळ असतो. नदी आणि नदीशी जोडलेल्या पाण्यात या काळात मासेमारी करता येत नाही. तलाव आणि जलाशय बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे पट्ट्याने असतात. तिथे हौस म्हणूनही गळ टाकण्याआधी पट्टेदाराला विचारावं लागतं. महाराष्ट्रातून नातेवाइकांकडे आलेल्यांची इथेच चूक होते. आपल्या गावचा नियम इथे चालेलच असं नाही. राज्य मासा महाशीर गळाला लागला तर जिवंत सोडून द्यावा. रामघाटाचं तर वेगळंच. तिथे भाविक माशांना पिठाच्या गोळ्या घालतात, गळ टाकायची ती जागा नव्हे.

पतंगाला नायलॉन का नको

सुती दोरा अडकला आणि ओढला गेला की तुटतो, तेच त्याचं मोठेपण. नायलॉन तुटत नाही. बारीक दोरी आणि मोठी ओढ एकत्र आली की सगळा भार केसाएवढ्या रेषेवर येतो आणि ती रेष कातडीत शिरते. दुचाकी जेमतेम ताशी ३०-४० किलोमीटरने चालली असली तरी गळ्याशी आडवा आलेला नायलॉनचा दोर सुरीचं काम करतो. त्यावर काचेची किंवा धातूची पूड चढवली की तोच 'चिनी मांजा'. धातूची पूड असेल तर विजेच्या तारेला लागताच पतंग उडवणाऱ्यालाही झटका बसू शकतो.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ११ जुलै २०१७ रोजी पतंगासाठी नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्याचा मांजा बनवणं, विकणं, साठवणं आणि वापरणं यावर देशभर बंदी घातली. महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने नायलॉन मांजाची स्वतःहून दखल घेतली. तरीही संक्रांत जवळ आली की कुठेतरी मासेमारीच्या नावाखाली रिळं खपतात. मासेमारीसाठी तंगूस घेणं बेकायदा नाही. पण घरातलं उरलेलं रीळ मुलांनी पतंगाला लावलं तर ते बंदी मोडणंच आहे. डिसेंबर-जानेवारीत मासेमारीचं सामान कुलपात ठेवणं हा साधा उपाय. दुकानदारानेही शाळकरी मूल 'बारीक आणि मजबूत' दोरी मागायला आलं तर कशासाठी, हे विचारायला हवं.

तुटलेल्या दोरीचं काय करायचं

नायलॉन कुजत नाही, पाण्यात आणि काठावर वर्षानुवर्षं राहतं. उज्जैनजवळच्या उंडासा तलावावर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात. काठावर टाकलेल्या दोरीचा फास त्यांच्या पायात बसतो. पुढे राष्ट्रीय चंबळ अभयारण्यात मासेमारीला बंदी आहे, त्याचं एक मोठं कारण हेच. नायलॉनच्या जाळ्यात अडकलेली घडियाल श्वास घ्यायला वर येऊ शकत नाही आणि बुडून मरते.

म्हणून घरून निघताना झाकणाची एक रिकामी बाटली सोबत घ्यावी. तुटलेला, गुंता झालेला प्रत्येक तुकडा तिच्यात जावा. घरी आल्यावर वीतभराहून लहान तुकडे करून, बाटली बंद करूनच कचऱ्यात द्यावी. दोरी जाळू नये, धूर विषारी असतो. काटा झाडात अडकला तर दोरी झटक्याने तोडून मोकळं होण्यापेक्षा जवळ जाऊन सोडवावी, नाही तर जमेल तेवढी कापून परत आणावी.

थोडक्यात, दुकानात जाताना तीन गोष्टी ठरवून जाव्यात : कोणता मासा, कसलं पाणी, काठी की हातगळ. मग मि.मी. आणि किलो दोन्ही सांगून दोरी मागावी. पहिल्या रिळासाठी ०.३० मि.मी. नायलॉन घेतली तर या भागातल्या बहुतेक तलावांवर काम भागतं.