'करून पाहणे' : घरगुती पाककृती व प्रसाधने यांच्या लेखी परंपरेविषयी काही विचार

एखादा पदार्थ प्रथमच रांधावयाचा असला, तर मराठी गृहिणी तो 'करून पाहते'. एखादे उटणे अंगास मानवते की नाही हे ठरवावयाचे असले, तर ते 'लावून पाहते'. 'प्रयोग' हा शब्द आपल्या भाषेत जुना व प्रतिष्ठित खरा. परंतु स्वयंपाकघरात तो क्वचितच शिरला. तेथील प्रयोगाचे सर्व काम 'पाहणे' या साध्या क्रियापदाने उचलले आहे. या क्रियापदाच्या दोन जोडण्यांतील भेद प्रथमच लक्षात घेतला पाहिजे. 'तिने मांडे करू पाहिले' आणि 'तिने मांडे करून पाहिले' ही वाक्ये दिसावयास जवळची असली, तरी पहिल्यात केवळ खटपट आहे, मांडे झाले किंवा नाही हे त्यातून कळत नाही. दुसऱ्यात मांडे झालेले आहेत, आणि ते कसे झाले याचा निर्णयही झालेला आहे. कृती आणि परीक्षा ही दोन्ही एका संयुक्त क्रियापदात बसविण्याची ही सोय मराठीपुरती नाही. गुजराथीत 'करी जोवुं', कन्नडात 'माडि नोडु', तेलुगूत 'चेसि चूडु', तमिळमध्ये 'चेय्तु पार्' अशी तिची भावंडे आहेत. एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे अशी जी कल्पना मांडली, तिला हेही उदाहरण जोडता यावे असे मला वाटते. मद्रासकडील एस. मीनाक्षी अम्माळ यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या पाकशास्त्रावरील विख्यात तमिळ पुस्तकाचे नावच 'समैत्तुप् पार्', म्हणजे 'शिजवून पाहा', असे आहे.

प्रस्तुत लेखात मला विचारावयाचा प्रश्न असा : घरोघर शतकानुशतके चाललेल्या या 'करून पाहण्या'चा लेखी पुरावा कोठे सापडतो? पाकशास्त्राचे व गंधशास्त्राचे ग्रंथ आपल्याकडे थोडे नाहीत. परंतु ग्रंथ असणे आणि प्रयोगाची नोंद असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे अभ्यासकही पुष्कळदा विसरतात.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथ या बाबतीत नेहमी पुढे केला जातो, आणि ते रास्तच आहे. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात मंडक, पोळिका, पूरिका, घारिका, वटक, धोसक, इडरिका अशी नावे येतात. मराठी वाचकाला त्यांतून मांडे, पोळी, पुरी, घारी, वडा यांचे पूर्वज सहज ओळखू येतात. नदीकाठच्या उंदरांचे मांस कसे भाजावे हेही त्यात आहे. आमच्या काही लेखकांनी तेवढा भाग सोवळ्यात राहून गाळला आहे, तो गाळण्याचे कारण मला दिसत नाही. स्नानभोगात तेलांची व उटण्यांची माहिती आहे. परंतु हा सर्व मजकूर राजाच्या उपभोगाचा आराखडा आहे. तो रांधणाऱ्याच्या हातून उतरलेला नाही. मांडा कितीदा फाटला, हे सोमेश्वराला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'तील गंधयुक्तीचे प्रकरण तर याहून विलक्षण आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार द्रव्ये निवडली तर १८२० प्रकार होतात, आणि प्रत्येकाचे भागांच्या फरकाने ९६ भेद धरले तर १,७४,७२० गंध सिद्ध होतात, असा तेथे हिशेब आहे. गणिताच्या इतिहासकारांनी या स्थळाचे कौतुक केले आहे व ते योग्यच आहे. परंतु रोज एक गंध करून पाहावयाचा म्हटला, तरी हे काम संपावयास पावणेपाचशेहून अधिक वर्षे लागतील. हे गंध मोजलेले आहेत, हुंगलेले नाहीत.

आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा पुरावा कै. परशुराम कृष्ण गोडे यांनी उजेडात आणला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील एका दुर्मिळ हस्तलिखिताचा त्यांनी परामर्श घेतला. गंगाधराचा 'गंधसार' आणि अज्ञात कर्त्याचा 'गंधवाद' असे दोन ग्रंथ या संग्रहात असून, दुसऱ्यास मराठी टीका जोडलेली आहे. गोडे यांनी तिचा काळ सामान्यतः १३५० ते १५५० या दरम्यान ठरविला. १९८९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने गायकवाड ग्रंथमालेत हे ग्रंथ प्रसिद्ध केले. 'गंधसारा'त भावन, पाचन, बोध, वेध, धूपन व वासन अशा सहा क्रिया सांगितल्या आहेत. भावन म्हणजे चूर्ण द्रवात भिजविणे, पाचन म्हणजे शिजविणे, बोध व वेध म्हणजे तीव्र द्रव्याच्या योगाने गंध जागा करणे व त्यात दुसरा भेदून घालणे, धूपन म्हणजे धूर देणे, वासन म्हणजे फुलांचा वास चढविणे. संस्कृत ग्रंथाला मराठी टीका कोणी व का लिहिली असेल? केवळ पाठांतरासाठी किंवा संग्रहासाठी तिची गरज नव्हती. द्रव्य बाजारातून आणावयाचे असले, तर त्याचे बाजारातले नाव ठाऊक असावे लागते. क्रिया हाताने करावयाची असली, तर ती हाताच्या भाषेत सांगावी लागते. म्हणून या टीकेमागे कोणीतरी 'करून पाहणारा' उभा आहे असे अनुमान मी करतो. ते अनुमानच आहे, हे मान्य केले पाहिजे.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथ गणेश नवहस्त याने 'भोजनकुतूहल' रचले. तंजावरचा एकोजी भोसले याची राणी दीपाबाई हिचा त्याला आश्रय होता. त्यानंतर दुसऱ्या सरफोजीच्या वेळचा, 'शरभेंद्र पाकशास्त्र' या नावाने ओळखला जाणारा मराठी ग्रंथ तंजावरच्याच सरस्वती महालात आहे. मराठीतील पाकविद्येचा लेखी संसार इतका दक्षिणेकडे, तमिळ भाषेच्या शेजारात मांडला जावा, ही गोष्ट लक्षणीय आहे. सांबाराचे नाव संभाजीवरून पडले ही कथा मात्र येथे मी मुद्दाम घेत नाही. तिला समकालीन आधार कोणी दाखविलेला नाही, आणि विदर्भात कोथिंबिरीलाच 'सांभार' म्हणतात याचा विचार ती कथा सांगणारे करीत नाहीत.

प्रसाधनांच्या शब्दसंग्रहाकडे पाहिले तर हेच शेजार पुन्हा दिसते. 'उटणे' हा शब्द संस्कृत 'उद्वर्तना'पासून प्राकृतमार्गे आला. 'रिठा' हा 'अरिष्टका'चा वंशज. परंतु 'शिकेकाई' कन्नड 'सीगेकायि'ची मुलगी आहे. म्हणजे सणाचे न्हाणे आर्य नावाचे आणि आठवड्याचे न्हाणे द्राविड नावाचे, असे विनोदाने म्हणता येईल. त्याहून मोठा सिद्धांत यावर उभारू नये.

छापील युगात प्रवेश केल्यावर चित्र बदलते. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली निघाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० साली निघाले, आणि कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली. 'पाकक्रिया', मग 'पाककृती', आणि आज 'रेसिपी' असा नावाचा प्रवास झाला. यांतील शेवटचे नाव परके वाटते. पण मूळ लॅटिनमध्ये तो वैद्याच्या चिठ्ठीवरचा 'घे' असा आज्ञार्थ आहे, आणि आपल्या कृतींचा आरंभही 'घ्यावे' यानेच होतो. मात्र मराठीचे 'घ्यावे' आज्ञार्थी नाही. झ्यूल ब्लोक यांनी दाखविल्याप्रमाणे हे रूप संस्कृत '-तव्य' प्रत्ययापासून आलेले आहे. त्यात कर्म मुख्य व कर्ता गौण असतो, बहुधा कर्ता नसतोच. 'पीठ चाळून घ्यावे, मोहन घालावे, घट्ट भिजवावे.' कोणी? ते वाक्यात नाही. 'मीठ बेताने पाहिजे' यातील 'पाहिजे' तर 'पाहणे' याच क्रियापदाचे जुने कर्मणी रूप आहे, आणि तेथेही कोणी पाहावे हे सांगितलेले नाही. छापील पाककृतीची ही व्याकरणशैली इतकी पक्की झाली की, करणारी स्त्री तिच्यातून अदृश्य झाली, आणि तिच्याबरोबर बिघडलेले सर्व पदार्थही अदृश्य झाले.

ती जेथे दृश्य होते ती जागा म्हणजे घरची वही. माझ्या आत्याची अशी एक वही माझ्यापाशी आहे. पुढून पाककृती, आणि वही उलटी करून मागून उटणी, तेले, काजळ, कुंकू, शिकेकाई असा तिचा क्रम आहे. कृती सर्व '-आवे' रूपात लिहिलेल्या. परंतु प्रत्येकीखाली दोन ओळी मोकळ्या सोडून, निराळ्या शाईत शेरा असतो, आणि शेरा भूतकाळात असतो. हळकुंडे लिंबाचा रस व टाकणखार यांत मुरवून कुंकू करण्याची कृती आहे. तिच्याखाली 'करून पाहिले. रंग विटकरी आला. टाकणखार कमी.' तांब्याच्या ताटलीवर काजळी धरून एरंडेलात खलण्याची कृती आहे. खाली 'डोळे चुरचुरले. पुन्हा नाही.' मिलोच्या भाकरीची नोंद आहे. साठोत्तर टंचाईच्या वर्षांत रेशनवर अमेरिकेची ती तांबडी ज्वारी आली होती. तिच्याखाली 'दोनदा करून पाहिली. उकड काढली तर थापते. मुले खात नाहीत.' नव्या पदार्थाची हौस आणि नव्या पदार्थाची सक्ती ही दोन्ही या वहीत एकाच क्रियापदाने नोंदलेली आहेत.

शेऱ्यांत कर्ता येथेही नाही. परंतु आधार आहेत. 'वन्संकडून', 'शेजारच्या वहिनींनी सांगितले', 'सासूबाई नको म्हणाल्या म्हणून केले नाही'. हा शेवटचा शेरा मला फार बोलका वाटतो. एकत्र कुटुंबात करून पाहणे ही खाजगी बाब नव्हती. साखर आणि तूप वाया जाण्याचा हिशेब कोणाला तरी द्यावा लागे, आणि तो सुनेने द्यावयाचा असे. म्हणून बिघडलेल्या वडीची नोंद ही पाकविद्येची तशीच गृहसत्तेचीही नोंद होय. नात्याची नावे हीच या वह्यांतील संदर्भपद्धती. ज्या घरात ती नाती होती ते घर मोडले की संदर्भ लागत नाहीत.

मापांबाबतचा एक अनुभव सांगतो. वहीत 'एका नारळास पाव शेर साखर' अशी वड्यांची कृती आहे. मुंबईचा जुना शेर सुमारे २८ तोळ्यांचा असे हे मी ग्रंथांतून वाचलेले. त्या विद्वत्तेने सात तोळे, म्हणजे सुमारे ८२ ग्रॅम साखर घातली. मिश्रण काही केल्या थापले जाईना. आई म्हणाली, 'अरे, तिचा शेर ऐंशी तोळ्यांचा.' म्हणजे पाव शेर २३३ ग्रॅम. तेवढी घातली, वड्या पडल्या. सर्वच जिन्नस शेरावर असते तर प्रमाण टिकले असते. परंतु नारळ मोजण्याचा, साखर वजनाची, आणि धान्य चिपट्याचे अशी मिश्र मापे असली की, शेर कोणता हे कळल्याखेरीज कृती वाचताच येत नाही. चार चिपट्यांचा शेर व चार शेरांची पायली हे मापाचे कोष्टक आणखी निराळे. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात दशमान वजने येऊ लागली. वहीत त्यापुढे काही काळ 'पाव शेर (अडीचशे)' अशी दुहेरी नोंद दिसते. अडीचशे म्हणजे पाव शेराहून सतरा ग्रॅम अधिक. ते तिने चालवून घेतले. 'रुचिरे'ने वाटी-चमच्याचे माप धरले, त्याचे यश या गोंधळाच्या पार्श्वभूमीवर समजून घेतले पाहिजे.

प्रसाधनांची बाजू वहीत लवकर संपते. अफगाण स्नो १९१९ पासून बाजारात होता, १९५२ साली लॅक्मे आले. विकतच्या डबीवर शेरा लिहिण्याची गरज कोणास वाटली नाही. उटण्याची एक कृती तेवढी वर्षानुवर्षे दुरुस्त होत गेलेली आहे. कचोरा कमी केला, नागरमोथा वाढविला, आंबेहळद एका दिवाळीला गाळली व पुढल्या दिवाळीला परत घातली.

अशा वह्या तीन होत्या. माझ्या प्रबंधाच्या काळात मी याच आत्याकडे प्रश्नावली घेऊन बसत असे. तिच्या बोलीतील क्रियारूपे टिपून घेत असे. 'करून पाहणे' हे रूपही मी तिच्याकडूनच टिपले, आणि उदाहरण म्हणून तिने वडीचे वाक्य दिले होते. ते वाक्य कोठे लिहिलेले आहे का, हे मी विचारले नाही. तिच्या पश्चात घर आवरताना दोन वह्या रद्दीत गेल्या. तिसरी दळणाच्या डब्याखाली टेकू म्हणून होती, ती राहिली. आमच्या विभागाच्या बोलीसंग्रहात घरोघरच्या पोथ्या, पत्रे, जमाखर्च यांना जागा आहे. पाककृतींच्या वह्यांची एकही नोंद त्यात नाही. त्या कोणी आणून दिल्या नाहीत हे खरे, पण आम्ही मागितल्याही नाहीत.

राहिलेल्या वहीच्या शेवटच्या भरलेल्या पानावर 'मांडे' असे शीर्षक आहे. कृती पूर्ण आहे : रवा किती, सैदा किती, खापर कसे तापवावे, मांडा हातावर कसा वाढवावा. तिच्याखाली नेहमीप्रमाणे दोन ओळींची जागा सोडलेली आहे. तेथे काही लिहिलेले नाही.